जर्सी गायीशेजारी उभी माझी माय

आज सकाळी एसटीतून उतरले आणि स्टँडवरच डोकं फिरलं.

उद्या मायचं वर्षश्राद्ध, म्हणून नागपूरहून गावी आले. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. स्टँड म्हणजे एक गळका निवारा, एक पानटपरी आणि एक कडूलिंब. त्या लिंबाला फ्लेक्स बांधलाय आणि फ्लेक्सवर माझी माय. रेशनकार्डासाठी काढलेला तिचा फोटो, ज्यात ती फोटोवाल्यावर खेकसायच्या बेतात आहे, तो कापून कुणीतरी एका गायीशेजारी चिकटवलाय. गाय कोणती? जर्सी. गळ्यात ही एवढी घंटा, मागे हिरवंगार कुरण आणि त्याच्याही मागे बर्फाचे डोंगर. वर लिहिलंय, "गोमातेची निस्सीम सेविका, ममतेची साक्षात मूर्ती". खाली शोकाकुल म्हणून चौदा चेहरे. त्यातल्या सहा जणांनी गॉगल घातलाय.

अरे, निदान गाय तरी आपली लावायची! आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊचा मुलूख. हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी पैदास केंद्र आहे. पांढऱ्याशुभ्र, लांब चेहऱ्याच्या, आखूड शिंगांच्या गाई. मायने जन्मभर त्याच पाहिल्या. जर्सी दारात आली की ती म्हणायची, "हे गाय नाई वो, दुधाची मशीन हाये. उन्हात उभी केली तं बंद पडते."

पण गायीचं सोडा. माझा राग "ममतेची मूर्ती" वर आहे.

माझी माय ममताळू वगैरे अजिबात नव्हती. ती खाष्ट होती, शिवराळ होती आणि हिशेबाला पक्की होती. एकदा बाजाराच्या दिवशी एक जण भरल्या बंडीच्या बैलाला तुतारीने, म्हणजे टोकाला लोखंडी आर लावलेल्या काठीने, टोचत होता. बैलाच्या पुठ्ठ्यातून रक्त निघत होतं. मायने त्याच्या हातातली तुतारी हिसकली आणि तीच आर त्याच्या ढुंगणाला लावली. भर बाजारात! पोलीस आले, पाटील आले. जमादार समजावत होता, बाई, जनावराला छळलं तर त्याचाही कायदा आहे, तुम्ही कायदा हातात घेऊ नका. मायने विचारलं, दंड किती? आता 1960 च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये, आजही तेवढाच. ते ऐकून माय म्हणाली, "पन्नास रुपये मी भरतो, मले याले अजून एक डाव टोचू द्या."

ही तुमची ममतेची मूर्ती.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना गायीची गोष्ट पाठ आहे, पण आज परत सांगते. मी दहावीत होते. जुलैचा महिना, तीन दिवसांपासून झड लागलेली. रात्री अकराच्या सुमारास एक माणूस डोक्यावर बारदान्याचा घोंगता घेऊन दारात. "बाई, गाय अडली." पहिलटकरीण गवळाऊ होती. मायने मला उठवलं, टॉर्च धरायला. गायीचा एक पाय बाहेर आणि नाकाचं टोक दिसतंय, दुसऱ्या पायाचा पत्ता नाही. मायने हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, खांद्यापर्यंत जवसाचं तेल चोपडलं आणि हात आत घातला. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे राहिला होता. नुसतं ओढलं असतं तर दोघंही गेले असते. गाय कळ देते तेव्हा थांबायचं, कळ ओसरली की वासराला आत लोटायचं, मग त्याचा खूर आपल्या मुठीत झाकून, म्हणजे आतून गर्भाशय फाटणार नाही असा, हळूहळू पुढे आणायचा. हे सगळं न बघता, फक्त बोटांनी. तिचा गाल गायीच्या पुठ्ठ्याला चिकटलेला, डोळे मिटलेले. तोंडाने गायीला शिव्या आणि गोंजारणं एकाच सुरात चाललेलं. पाऊण तास. मग दोन्ही पाय समोर आले, गायीने कळ दिली तशी मायने खालच्या अंगाला ओढ दिली आणि वासरू पडलं. हलत नव्हतं. मायने त्याच्या नाकातला चिकटा काढला, कुटारातली, म्हणजे भुशातली, एक काडी नाकपुडीत फिरवली. शिंकलं!

गोऱ्हा होता.

ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल. ऑफिसात, लग्नानंतर सासरी, एकदा तर मुलीच्या शाळेत. लोक म्हणतात, किती दया होती हो तुमच्या आईच्या मनात. दया? पाऊण तास खांद्यापर्यंत हात घालून बघा, मग बोलू दयेबद्दल. ते कसब होतं. आमचा आजा गावाचा गायकी, गावभरची ढोरं चारायचा. माय तिसरी शिकलेली, बाकी सगळं तिने त्या कळपामागे फिरून शिकून घेतलं. पोटफुगी कोणती आणि कोवळी ज्वारी खाऊन विष चढलेलं कोणतं, हे ती जनावराच्या उभं राहण्यावरून सांगायची. सुईला मात्र हात लावला नाही कधी. "ते डाक्टरचं काम," म्हणायची. गावात तिला ढोरायची डाक्टरीन म्हणत. निम्मे कौतुकाने, निम्मे कुत्सितपणे.

आणि ती पैसे घ्यायची. हे फ्लेक्सवर लिहा. ज्याची जशी ऐपत तसे, पण घ्यायची. नसतील तर पायलीभर ज्वारी. नाहीतर शेणाच्या दोन बंड्या आमच्या वावरात टाक. "फुकटाची दवा ढोरालेही लागत नाई" हे तिचं वाक्य. सेवा म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही ना, म्हणून लोकांना हा शब्द इतका आवडतो.

आता कुत्र्यांचं. फ्लेक्सवर कुत्रं नाही, गाढव नाही, डुक्कर तर नाहीच नाही. गावातली निम्मी कुत्री आमच्या अंगणात असायची. लोक चिडायचे, आणि मान्य करते, त्यांची चूक नव्हती. शेजारच्या पोराला एक कुत्रं चावलं, त्याच्या पाच सुयांसाठी बापाला मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागले. मायनेच एसटीचे पैसे दिले, पण पोराच्या भीतीचं काय? तिच्याकडे उत्तर नव्हतं. ती एवढंच म्हणायची की ही कुत्री एवढी वाढली कशी ते विचारा. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोरं फेकायच्या जागी मेलेला बैल पडला की गिधाडं उतरायची आणि दुसऱ्या दिवशी नुसता सापळा. मग गिधाडं दिसेनाशी झाली. दुखण्यावर ढोरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, ते मेलेल्या ढोराच्या अंगात राहायचं आणि ते खाऊन गिधाडं मरायची. 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आमच्या गावचं आभाळ रिकामं झालं होतं. मेलेली ढोरं कुत्र्यांच्या वाट्याला आली. मायला हे एका शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून ती माणसाचं ते औषध लपवून बैलाला देणाऱ्यांशी कचाकचा भांडायची.

आणि मग एका रात्री कुणीतरी कपाशीवर फवारायचं औषध भज्यात कालवून टाकलं. सकाळी अकरा कुत्री. मायने एकटीने खड्डा खणला. मी तेव्हा नागपुरात होते, फोनवर ती काहीच बोलली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. माझ्या मायला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी हे चौदा शोकाकुल कुठे होते?

जरा चहा घेऊन येते.

घेतला. राग गेला नाही.

2015 पासून बैलही कापायला बंदी आली. कायदा चांगला की वाईट या वादात मला पडायचं नाही, इथे दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि सगळे माझेच आहेत. पण त्यानंतर म्हातारा बैल बाजारात कुणी घेईना, आणि गावातले लोक काय करायचे? रात्री गुपचूप आमच्या कोठ्यात आणून बांधायचे. सकाळी उठावं तर दावणीला एक अनोळखी बैल. बारा वर्षं ज्याच्या खांद्यावर जू ठेवलं त्याला असं टाकून जाणारे, आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर गोमातेवर भाषण देणारे, पुष्कळदा तेच. माय कुणाचा बैल ते ओळखायची आणि त्याच्या दारात जाऊन ओरडायची, "तुया बाप बांधला माह्या कोठ्यात, कुटार पाठव!" काही जण पाठवायचे. लाजेने. (दुष्काळात माणसांनाच पुरत नसेल तर बैलाला कुठून घालणार, हेही खरंच. तिलाही कळायचं ते. तरी ओरडायची.)

आता त्या गायीच्या रात्रीकडे परत येते, कारण एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. सासरीही नाही आणि शाळेतही नाही.

वासरू शिंकलं, सगळे हसले. मालक खूश. घरातून चहा आला. मालकाला स्टीलच्या पेल्यात. मायसाठी मालकाने कोठ्याच्या कोनाड्यात हात घातला आणि कान तुटलेला एक कप काढला. तो तिथेच ठेवलेला असायचा, आमच्यासारख्यांसाठी. हात धुवायला ढोरांच्या टाक्यातलं पाणी. घरातला पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, बाहेर आला नाही. मी पंधरा वर्षांची, टॉर्च हातात, तिच्या बांगड्या मुठीत. सगळं बघितलं. मायने टाक्यात हात धुतला, कप घेतला, एकदा पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गाईच्या पोटात माहा हात चालते, अन् घरच्या कपाले चालत नाई?"

कुणी काही बोललं नाही. पाऊस वाजत होता नुसता. तिने तो चहा गोठ्याच्या दारातल्या कुत्र्यापुढे ओतला आणि मला म्हणाली, चाल.

आणि दोन वर्षांनी त्याच घरची दुसरी गाय अडली तेव्हा ती परत गेली. मी भांडले तिच्याशी. जाऊ नकोस म्हणाले. ती म्हणाली, "गाईनं थोडीच कप ठेवला कोनाड्यात."

त्या घरचा मुलगा आज फ्लेक्सवर पहिला आहे. गॉगल नसलेल्यांपैकी. ठीक आहे, तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल, बापाच्या कपाचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही. दादा सकाळपासून तेच म्हणतोय, "जाऊ दे ना, मान देऊन राह्यले लोक." देऊ दे. पण ज्या बाईला जिवंतपणी घरातला कप मिळाला नाही तिला एकदम मूर्ती करून टाकता? मूर्तीला चहा विचारावा लागत नाही, म्हणून?

खूप कडू लिहिलं. आता खरं सांगायचं तर माझाही तिच्यावर राग आहे. दहावीच्या पेपराच्या आदल्या रात्री मला ताप होता आणि ती कुणाच्या तरी व्यालेल्या म्हशीची जार, म्हणजे वार, पडेना म्हणून गेलेली. बाबांनी रात्रभर पट्ट्या ठेवल्या. सकाळी आली तर अंगाला तो वास. मी तोंड फिरवलं. तिने माझ्या कपाळाला कोपर लावून पाहिलं, कारण पंजे अजून धुतलेले नव्हते. ते कोपर आत्ता आठवतंय.

2022 ला लम्पी आला तेव्हा ती साठीच्या पुढे होती. गुरांचे बाजार बंद, गावात अफवा की दूध प्यायलं तर माणसालाही गाठी येतात. मायने चावडीवर उभं राहून लम्पी झालेल्या गायीचं उकळलेलं दूध लोटाभर प्यायलं. "पाहा उद्या, आल्या का गाठी!" लम्पीवर शेळ्यांच्या देवीची लस आली, तर डॉक्टरांसोबत दारोदार फिरून ती एकेका जनावराची शिंगं धरून उभी राहिली. संध्याकाळी कोठ्याकोठ्यात कडूलिंबाचा धूर, माश्या-गोचीड हटवायला. तरी जी गेली ती गेली. त्यात आमची एक होती, त्याच गोऱ्ह्याच्या घराण्यातली. मालकाने कधीतरी तिची आजी आमच्या दारात आणून बांधली होती, काही न बोलता. कपाची भरपाई होती का? विचारलं तर माय म्हणाली, "गाय हाये, गाय समज."

गेल्या वर्षी ती गेली आणि चारच दिवसांनी पोळा आला. सुतक होतं, म्हणून ना तोरण, ना पूजा, ना पुरण, ना दारी बैल आणणाऱ्यांना द्यायचा बोजारा. दार लोटून आम्ही आत बसलेलो. पोळा फुटल्यावर घंटांचा आवाज आला आणि आमच्या अंगणात थांबला. दादाने फटीतून पाहिलं. सात-आठ जोड्या उभ्या होत्या. त्यांचे मालक कासरा धरून, मान खाली. कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळाने घंटा पुढे गेल्या.

त्यातही त्या चौदांपैकी दोन-तीन होते म्हणे. असतील. चला, तेवढं लिहिते.

बाहेर परत झड सुरू झालीय. मागच्या अंगणात तुरीचं कुटार भिजतंय, वरची ताडपत्री फाटलीय. दादा आत्ता विचारून गेला की फ्लेक्सचं काय करायचं, उद्या तेरा गावचे पाहुणे येतील. म्हटलं, किती बाय किती आहे? तर म्हणे सहा बाय दहा, कापड जाड आहे, चांगलं.

शिडी काढायला गेलाय तो. छापलेली बाजू खाली घाल म्हटलं, म्हणजे जर्सीला ऊन लागणार नाही.