पणजीची पेटी आणि भाच्याचा बेस

माझ्या भाच्याचं ठाम मत आहे की मला अनिरुद्ध, म्हणजे तमिळ सिनेमांचा तो संगीतकार, कळत नाही. परवा पणजीत सिनेमा बघून फोंड्याला परतताना बाणस्तारीच्या पुलापासून घराच्या पायरीपर्यंत हाच विषय. ‘मामा, तुका कळना. बीजीएम म्हळ्यार आंगार शिरशिरी येवपाक जाय!’ बीजीएम म्हणजे सिनेमाचं पार्श्वसंगीत. शिरशिरी मलाही आली होती, पण ती एसीची.

मागच्या सीटवर शेजारचे भाई. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यानंतर संगीत संपलं असं मानणाऱ्या पंथाचे. त्यांचा मुद्दा एकच: हल्लीचं काही गुणगुणता येत नाही. गाडी चालवणारा मी दोघांशीही भांडत होतो, म्हणून मार्दोळला वळण चुकलं नाही एवढंच नशीब.

भाईंचं मला पटत नाही. पार्श्वसंगीत गुणगुणता आलंच पाहिजे हा हट्ट गाण्यांच्या सवयीतून आलाय. १९७५च्या ‘जॉज’मध्ये जॉन विल्यम्सने शार्कसाठी दोन सूर वापरले, फक्त दोन, आणि लोक पाण्यात उतरायला घाबरले. ते काय गुणगुणणार? तसंच ‘आजकालचे सगळे कीबोर्डवाले’ हे त्यांचं पालुपदही मला मान्य नाही. ‘तुंबाड’चं संगीत येस्पर क्यूड या डॅनिश माणसाने केलं, जो व्हिडिओ गेमसाठी संगीत देणारा म्हणून प्रसिद्ध. कोकणातल्या पावसाशी त्याचा काय संबंध? पण तो वाडा, ते ओलं अंधारं, त्याने बरोबर पकडलं. संगीतकार कुठला, कुठल्या पिढीचा, हा वादच चुकीच्या टोकाने सुरू होतो.

माझी तक्रार वेगळी आहे. संगीत एकदा आत आलं की बाहेर जातच नाही.

आमच्या गावच्या जत्रेत नाटक व्हायचं. रंगमंचाच्या खाली एका बाजूला पायपेटी, शेजारी तबला. पेटीवर बसणारे काका आता नाहीत. लहानपणी मी त्यांच्या बाजूला बसायचो, काम एकच, बॅटरीचा उजेड वहीवर धरायचा. ते वहीकडे बघतच नसत. नजर नटाच्या छातीवर. त्याने श्वास घेतला की यांचा पाय भात्यावर. आणि नायिका कोसळली, प्रेक्षागृहातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला, की हे हात उचलून मांडीवर ठेवायचे. एकदा मी विचारलं, आता वाजवत का नाही? म्हणाले, ‘ती रडटा न्हय? रडूं दी. आमी कित्याक मदीं?’

आता हे आजच्या एखाद्या मोठ्या सिनेमाला लावून बघा. नायक दार उघडतो, ढोल. नायक दार लावतो, ढोल. आई वारली, तर व्हायोलिनं अशी की आपल्याला दुःख व्हायला जागाच उरत नाही.

याचं एक कारण पैशाचं आहे. पूर्वी पार्श्वसंगीत म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत पडद्यावर रीळ चालवायचं आणि समोर बसलेल्या वादकांनी त्याबरहुकूम वाजवायचं. तीस-चाळीस माणसांचं मानधन घड्याळावर. एक मिनिट जास्त वाजलं तर खिशातून जायचं, त्यामुळे कुठे वाजवू नये हे आपोआप ठरायचं. आज संगणकात आणखी एक थर चढवायला काहीच पडत नाही, मग चढवतात. दुसरं, संकलक दृश्य जोडताना दुसऱ्याच सिनेमाचं तयार संगीत तात्पुरतं खाली घालतो. दिग्दर्शक महिनाभर तेच ऐकतो, प्रेमात पडतो, मग संगीतकाराला सांगतो ‘असंच दे’. भाच्याला वाटतं सगळे एकमेकांची नक्कल करतात. बिचारे करतात, पण मागणीप्रमाणे.

त्या तीस-चाळीस माणसांत आपले किती होते! गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना सॉल्फेज (म्हणजे ‘डो-रे-मी’ म्हणत सूर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, स्वरलिपी वाचता येणारी ही मुलं मुंबईला गेली आणि सिनेमा त्यांच्यावर चालला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतली ती भव्य वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझांची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव घेऊन शिष्याने गाणं केलं. भाईंना हे माहीत नव्हतं. लक्ष्मी-प्यारेंचा भक्त, आणि गुरूचा गाव आपल्याच गोव्यात! मला फार आनंद झाला, लपवत नाही.

आता भाच्याच्या लाडक्या ‘बेस’विषयी, म्हणजे छातीत घुमणाऱ्या खर्जातल्या आवाजाविषयी. त्याला मी २०२२चा जर्मन ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ दाखवला. सुरुवातीलाच तीन सूर येतात, यंत्र घरघरल्यासारखे, छातीत बसणारे. भाचा उडालाच: ‘कसलो सिंथ हो!’ सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझर नव्हे बाबा, हार्मोनियम आहे. फोल्कर बर्टेलमान या संगीतकाराने आपल्या पणजीची जुनी पेटी दुरुस्त करून वाजवली. (पणजीची म्हणजे आजीच्या आईची, मिरामारची नव्हे.) त्याला २०२३चं ऑस्कर मिळालं. जत्रेतल्या पायपेटीचीच बहीण ती. पण खरी गंमत अशी की ते तीन सूर येतात आणि जातात. मध्ये चिखल, श्वास, बुटांचा आवाज.

आणि लांब कशाला जायचं. ‘सैराट’साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले, मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केलं. २०१६त त्याचंच कौतुक चाललं होतं, रास्तही होतं. पण शेवट आठवा. ते बाळ, ती पावलं. एक सूर नाही. एवढा वाद्यवृंद हाताशी असताना गप्प बसायचं ठरवणं, मला वाटतं त्या सिनेमातला सर्वांत मोठा संगीतविषयक निर्णय तोच.

‘छावा’वरून आमच्याकडे वेगळंच युद्ध झालं. भाईंना रहमानच्या संगीतात मराठी माती सापडली नाही. मला ती काही ठिकाणी सापडली, काही ठिकाणी आवाजाखाली गाडली गेली.

आवाजावरून आठवलं. थिएटरमध्ये ध्वनीचं बटण सातवर ठेवायचं ठरलेलं असतं, संवाद-संगीताचं मिश्रण त्या हिशेबाने करतात. मग सिनेमे कर्कश होत गेले, प्रेक्षक तक्रार करू लागले, चालवणारा बटण पाचवर आणतो. ढोल तरीही ऐकू येतो, संवाद मात्र गायब. परवा आम्हाला नायिकेचं नाव मध्यंतरानंतर कळलं.

काल रात्री साडेबाराला भाच्याने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. त्याच्या लाडक्या संगीतकाराचा दोन मिनिटांचा तुकडा. खाली लिहिलं होतं, ‘हेडफोन घालून आयक, आनी १:१० क राव.’ ऐकलं. एक दहाला सगळं थांबतं. साधारण चार सेकंद फक्त पंख्याचा आवाज.

उत्तर अजून दिलेलं नाही. जरा टांगणीला राहू दे.