एलियट काउंटी एकट्या ट्रम्पने फिरवली नाही

केंटकीतली एलियट काउंटी 1869 साली स्थापन झाली. तेव्हापासून 2012 पर्यंत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत तिने डेमोक्रॅट उमेदवारालाच कौल दिला, अगदी 1972 ची निक्सन लाट आणि 1984 ची रेगन लाट आली तेव्हाही. 2016 ला ट्रम्पना तिथे 70 टक्के मतं पडली आणि ‘ट्रम्पने गड पाडला’ असे मथळे झळकले. हे अर्धंच खरं आहे.

काउंटीचा कल नुसत्या टक्केवारीवरून ठरवू नये. काउंटीतल्या आघाडीतून देशातली आघाडी वजा करायची. 2004 ला डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी तिथे सुमारे 40 अंकांनी (म्हणजे मतांच्या टक्केवारीतल्या फरकाने) पुढे होते, देशात अडीच अंकांनी मागे. म्हणजे काउंटी देशापेक्षा 43 अंक डेमोक्रॅट. 2008 ला ओबामा 61 विरुद्ध 36 असे जिंकले, म्हणून सगळे निर्धास्त. पण देशात ते 7 अंकांनी पुढे होते, तेव्हा शिल्लक राहिली फक्त 18 ची. 2012 ला आघाडी जेमतेम अडीच अंकांची, देशात जवळपास 4 ची. शिल्लक उणे दीड, म्हणजे काउंटी देशापेक्षा किंचित रिपब्लिकन. 2016 ला उणे 46. घसरण साधारण 89 अंकांची, आणि त्यातली निम्मी ट्रम्प रिंगणात येण्याआधीच झालेली! 2008 च्या विजयाने ती झाकली होती, इतकंच.

इथे मतं पडतात जेमतेम अडीच-तीन हजार. 2012 ची आघाडी साठेक मतांची होती, त्यामुळे एकाच निवडणुकीवरून निष्कर्ष काढू नयेत. 1992 आणि 1996 ला तिसरे उमेदवार रॉस पेरो मैदानात होते. ती वर्षं तुलनेत घ्यायची तर फक्त दोन मुख्य पक्षांची मतं धरून टक्के काढावेत. (काउंटीची हद्द सहसा बदलत नाही, म्हणून एवढी लांब मालिका लावता येते. आपल्याकडे 2008 च्या पुनर्रचनेने कितीतरी मतदारसंघांच्या मालिकेचा धागाच तुटला.)

सर्वात जास्त फसगत करते ती पक्षनोंदणी, म्हणजे मतदाराने आपलं नाव कोणत्या पक्षाकडे नोंदवलंय ते. केंटकीत पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाचे नोंदलेले मतदारच मत देऊ शकतात. स्थानिक पदांचा निकाल जिथे डेमोक्रॅट प्राथमिक फेरीतच लागतो, तिथे नोंदणी कोण बदलेल? राज्य 2000 पासून अध्यक्षपदासाठी रिपब्लिकनांकडे आहे, पण नोंदणीत रिपब्लिकन पुढे गेले ते 2022 ला. नोंदणी हा कालचा कल आहे, आजचा नाही.

कारणांत गरिबी पहिली सांगितली जाते. त्याच राज्यातली जॅक्सन काउंटीही गरीब, गोरी, डोंगराळ. पण ती यादवी युद्धाच्या काळापासून रिपब्लिकन. दोन्हीकडे पक्ष वारशाने आलेला, फक्त वारसे उलटे. एलियटचा वारसा टिकला त्यात माझ्या मते तंबाखूचाही हात होता. न्यू डीलच्या, म्हणजे 1930 च्या दशकातल्या रूझवेल्ट यांच्या योजनांच्या काळापासून बर्ली जातीच्या तंबाखूला सरकारी कोटा आणि आधारभाव होता, म्हणजे दर हंगामात सरकारशी थेट संबंध. 2004 च्या कायद्याने कोटा गेला. तेवढ्याने 2004 ते 2008 मधली 25 अंकांची घसरण होत नाही, हे मान्य. 2008 ला उमेदवाराचा वर्णही मोजायला हवा. तो टाळून केलेलं विश्लेषण मला पटत नाही.

आणि 2019 ला याच काउंटीने गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट अँडी बेशियर यांना आघाडी दिली, ट्रम्पना 70 टक्के दिल्यानंतर तीनच वर्षांनी.