नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, कंपन्यांचंही

"कायद्याचा बडगा कशाला? उद्योगांशी करार करा, ते आपणहून ऊर्जा वाचवतील." टीव्हीवरच्या चर्चेत असं म्हणणारा एक तरी पाहुणा असतोच. ऐकायला गोड आहे. पण युरोपातल्या मोटार कंपन्यांनी काय केलं ते जरा बघा.

१९९८ साली एसीईए या त्यांच्या संघटनेनं युरोपीय आयोगाला शब्द दिला की, २००८ पर्यंत नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन किलोमीटरमागे १४० ग्रॅमवर आणू. शब्द मोडला तर दंड? छे! आधी आकडा उतरला, कारण कमी इंधन खाणाऱ्या डिझेल गाड्यांचा खप वाढत होता. पण गाड्या दरवर्षी जाडजूड होत गेल्या आणि २००८ मध्ये आकडा १५४ च्या आसपास अडकलेला. मग २००९ ला कायदा आला: २०१५ पर्यंत १३०, नाहीतर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे दंड. २०१३ मध्येच १२७!

म्हणजे करार कुचकामीच असतात असं नाही. ब्रिटननं एप्रिल २००१ मध्ये उद्योगांच्या ऊर्जेवर कर बसवला आणि सोबत करार पुढे ठेवला: ठरलेली बचत करा, करात ८० टक्के सूट घ्या. दर दोन वर्षांनी तपासणी, लक्ष्य हुकलं की सूट बंद. ही भाषा कारखान्याच्या अकाउंट्सवाल्यांना लगेच कळते. बहुतेक उद्योगांनी लक्ष्य आरामात पार केलं. इतकं आरामात, की मुळात लक्ष्यच ढिलं होतं अशी टीका झाली. मला ती पटते. भट्टीत नेमकी किती ऊर्जा वाया जाते हे कारखान्यालाच ठाऊक, समोर बसलेल्या अधिकाऱ्याला नाही.

आपल्याकडे छताच्या पंख्याचंच बघा. स्टार लेबल वर्षानुवर्षं ऐच्छिक होतं. तीसेक वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे बाजारात आले, तरी दुकानदार पंचाहत्तर वॅटचाच पुढे करायचा, स्वस्त म्हणून. जानेवारी २०२३ पासून लेबल सक्तीचं झालं.

अर्थात कायद्यालाही पळवाटा फुटतातच. युरोपात प्रयोगशाळेतला आकडा उतरला, रस्त्यावरचा तेवढा नाही. म्हणून २०२१ पासून तिथल्या नव्या गाड्यांत इंधनाची प्रत्यक्ष नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नोंदींवरून आयोगानं २०२४ मध्ये अहवाल काढला: पेट्रोल-डिझेल गाड्या कागदावरच्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त कार्बन सोडतात, आणि 'पर्यावरणस्नेही' म्हणून मिरवणाऱ्या प्लग-इन हायब्रिड (चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या) तर साडेतीन पट!