अण्णाचं शिकागो

अण्णा शिकागोच्या लेकीकडून येऊन महिना झाला, पण मनाने अजून कट्ट्यावर उतरलेला नाही. काल पुन्हा मोबाइल काढला. घरचे सगळे पॅरिसला निघून जातात आणि पोरगं एकटं घरी राहतं, त्या 'होम अलोन' सिनेमातलं ते लाल विटांचं घर आणि त्यापुढे हात पसरून अण्णा, जणू वास्तुशांत यानेच घातली होती.

"हे शिकागो नव्हे, विनेटका. शहराच्या उत्तरेला." (हे आम्हाला तोंडपाठ आहे.) "काय सांगू, अंगावर काटा आला. तोच जिना, त्याच खोल्या..."

"आत गेलास?" मन्याने विचारलं.

"नाही, रस्त्यावरूनच. पण..."

"मग जिना कुठून दिसला? पत्र्यावर चढलास?"

मन्याने उभी हयात शूटिंगच्या सेटवर सुतारकाम केलंय. त्याला लोकेशन सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ शिकवणं.

"जिना खरा, मान्य," मन्या म्हणाला. "पण खालच्या बऱ्याचशा खोल्या सेटवरच्या. जवळच एक शाळा रिकामी पडली होती, तिच्या जिममध्ये उभ्या केल्या. शेजाऱ्यांचं ते तुंबलेलं तळघर? शाळेचा पोहण्याचा तलाव! तू ज्या घरापुढे गहिवरलास ना, त्यातलं निम्मं आमच्यासारख्यांनी ठोकलेलं."

"म्हणून शहर खोटं होतं का?" अण्णा तापला. "लिहिणारा जॉन ह्यूज पोरवयापासून त्याच बाजूचा. ते रस्ते, ती घरं त्याच्या डोळ्यांपुढे होती. दुसरीकडे हा सिनेमा असा झालाच नसता."

मुद्दा बरा होता. पण अण्णाने तो बोट नाचवत मांडला, त्यामुळे वाया गेला.

"बरं, सिनेमातला पॅरिसचा विमानतळ पाहिलास?" मन्याने विचारलं.

"मी पॅरिसला कुठे गेलो?"

"सिनेमातली त्या पोराची आईसुद्धा कुठे गेली होती! तोही शिकागोचाच, ओहेअर. तू बॅगेची वाट बघत उभा होतास ना, तेच तुझं पॅरिस. आणि चर्च बाहेरून विल्मेटचं, आतून ओक पार्कचं. पोरगं एका गावात पायऱ्या चढतं आणि दुसऱ्या गावात बाकावर बसतं."

पक्याने हिशेब मांडला. "म्हणजे चर्च दोन, घर दीड, पॅरिस शून्य."

"याला काय ऐकतोस!" अण्णा उसळला. "याने केलेलं माझ्या माळ्याचं दार पाच वर्षं झाली, अजून लागत नाही."

"सेटचंच होतं ते. समोरून शूट कर, लागलेलं दिसेल. उरलेले पैसे दे, मागून पण लावतो."

हे पैशांचं प्रकरण निघालं की कट्टा तासभर उठत नाही, म्हणून मीच विषय वळवला. म्हटलं, एवढा गोतावळा, निघताना डोकी मोजलेली, तरी पोर घरी राहतंच कसं?

"शेजारचं पोरगं मोजणीत धरलं गेलं," अण्णा म्हणाला आणि बोलता बोलता थांबला, कारण सगळे त्याच्याकडेच बघत होते. ट्रिपहून परतताना आम्ही पक्याला धाब्यावर विसरलो होतो. गाडीत डोकी अण्णाने मोजली होती.

"ड्रायव्हरला धरून सात भरले होते रे," अण्णा पुटपुटला.

"मी हात धुऊन आलो तर गाडीच नाही," पक्या म्हणाला. "तीन तास खाटेवर बसून होतो."

"पण आलो ना परत!"

"आलात. पण बिल भरायचं सगळेच विसरला होतात, ते कुणाकडून घेतलं धाबेवाल्याने?"

मन्या हसता हसता कट्ट्यावरून घसरला.