घरगुती केक आणि नोंदणी: माझ्याच पोस्टचा खुलासा

"घरून केक-नानकटाई विकायला फूड लायसन्स लागत नाही, बिनधास्त सुरू करा" ही माझी जुनी पोस्ट अजून ग्रुपवर फिरतेय. ती अर्धवट आहे आणि चूक माझी आहे.

अन्नसुरक्षा कायदा, 2006 चं कलम 31 पुन्हा नीट वाचलं. पोटकलम 2 मध्ये स्वतः बनवून विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला परवान्यातून सूट आहे खरी, पण त्याच वाक्यात पुढे नोंदणी सक्तीची केली आहे. मी अर्ध्यावरच थांबले होते. नोंदणी फॉस्कॉस पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) वेबसाइटवर होते; मिळालेला 14 आकडी क्रमांक केकच्या खोक्यावर छापायचा. जीएसटीचा विषय वेगळा, तो यात मिसळू नका.

कृपया जुनी पोस्ट पुढे पाठवू नका. ज्या ताईंना पाठवली असेल, त्यांना हा खुलासा आजच पाठवा.