साडूच्या नाकावर टिच्चून गुहागर

विजेच्या गाडीने पहिल्यांदा लांब जायचं असेल तर तयारी गाडीपासून सुरू करू नये, साडूपासून करावी. प्रत्येक घरात एक साडू असतो, त्याच्याकडे डिझेलची गाडी असते आणि बारशाच्या नाहीतर वास्तुशांतीच्या पंगतीत त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं, "गावात फिरायला ठीक आहे हो, पण बाहेर?" त्या 'पण बाहेर'वर तुमच्या घशात जिलबी अडकली की प्रवास ठरला म्हणून समजा. कुठे जायचं, किती दिवस, मुलीची चाचणी परीक्षा कधी, हे प्रश्न गौण आहेत. तोंडातला घास गिळण्याआधी जाहीर करा, "पुढच्या शुक्रवारी गुहागरला भेटू. तुम्ही तुमच्या गाडीने या, आम्ही आमच्या येतो." रस्ता पावणेतीनशे किलोमीटरचा आहे, हे घरी आल्यावर बघा.

बघितलंत की गाडीचं माहितीपत्रक काढा. त्यावर एका चार्जिंगमध्ये 312 किलोमीटर असा ठसठशीत आकडा असतो आणि आकड्याच्या डोक्यावर एक बारीक फुली. फुलीकडे बघायचं नाही. पुणेकराने तर मुळीच नाही, कारण हा आकडा आपल्याच गावचा. सूर्यास्त बघायला जाता ती कोथरूडची टेकडी, तिच्यावरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं नाव सांगूनच विक्रेते तो तुम्हाला ऐकवतात. आपल्या टेकडीवरचा माणूस आपल्याला कशाला फसवेल? आणि फसवतही नाहीच. चाचणीच्या नियमांत सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. गाडी बंद खोलीत रोलरवर उभी असते, वेग ताशी 90च्या वर जात नाही, एसी बंद असतो. मागच्या सीटवर सासूबाई नसतात आणि डिकीत चार दिवसांच्या कपड्यांबरोबर आठ दिवसांचा चिवडा नसतो. आता तुम्ही गुहागरला रोलरवरून जाणार नाही, हा काही टेकडीचा दोष नव्हे.

खरा हिशेब सोपा आहे. बॅटरी तीस युनिटांची. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावर असतं तेच. महामार्गावर माणसांनी भरलेली गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. तीस गुणिले साडेसहा. हा गुणाकार तुमच्या चौथीतल्या मुलीला येतो, म्हणून तिच्यासमोर हा विषय काढू नका.

गाडी घरीच पूर्ण भरून निघावं, असं सगळेच सांगतात. जरूर भरा, फक्त चार्जिंगला लावण्यासाठी गुरुवार निवडा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याची या शहराची जुनी रीत आहे, आणि ती तुम्हाला जन्मापासून माहीत असल्यामुळेच ऐन वेळी आठवणार नाही. शिवाय तुमचा पॉइंट पार्किंगमध्ये. त्यासाठी सोसायटीच्या तीन सभा झाल्या. पहिलीत 'आग लागली तर?' झालं, दुसरीत 'बिल कोणाच्या मीटरवर?' आणि तिसरीत पाण्याच्या टाकीचा विषय निघाल्यामुळे तुमचा ठराव कोणाच्या लक्षात न येता मंजूर झाला. त्याच पॉइंटवर रात्री झाडांना पाणी घालायची मोटर लावायला वॉचमन तुमची पिन काढतो. पहाटे पाच वाजता 93 टक्के दिसले की रागावू नका. 93 म्हणजे शंभरच की. दहावीला तुम्हाला किती होते?

आता अ‍ॅप. विजेच्या पंपावर पैसे देऊन पावती घ्यायची, ही पेट्रोलवाल्यांची मागासलेली पद्धत चालत नाही. प्रत्येक चार्जरवाल्याचं वेगळं अ‍ॅप, प्रत्येक अ‍ॅपचं वेगळं पाकीट आणि पाकिटात आधी पैसे भरल्याशिवाय गनमधून एक कणसुद्धा वीज बाहेर येत नाही. अशी नऊ-दहा अ‍ॅप घ्या, प्रत्येकात दोनशे-तीनशे रुपये ठेवा. परत काढता येत नाहीत, त्यामुळे मुदत ठेवच समजा, फक्त व्याज तुम्ही द्यायचं. पेट्रोल आजही जीएसटीच्या बाहेर आहे, तुमच्या चार्जिंगवर मात्र 18 टक्के. पर्यावरण वाचवायचं म्हणजे कुणीतरी खर्च करायलाच हवा. ओटीपी हा या व्यवस्थेचा आत्मा आहे, आणि आत्म्यासारखाच तो नेटवर्कच्या पलीकडे असतो.

कात्रजचा बोगदा ओलांडला की खेड शिवापूरच्या नाक्यावर पहिली हौस भागवून घ्या. हिरव्या नंबरपाटीच्या, म्हणजे विजेच्या गाडीला टोल माफ आहे असं तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं. ते खरंही आहे. राज्याच्या 2025च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर ती माफी दिली. तुम्ही उभे आहात साताऱ्याच्या रस्त्यावर, आणि हा महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा. हा बारकावा मागच्या ट्रकवाल्याच्या भोंग्याने लक्षात आणून देईपर्यंत वाद घाला. नाक्यावर वाद न घालता पुढे गेलेल्या पुणेकराला पुढचा प्रवास गोड लागत नाही.

नाका सुटला की वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80चे 100 केलेत की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि बॅटरी मुख्यतः त्यापायी जाते. एसी त्या मानाने गरीब बिचारा, तासाला युनिटभर खातो. म्हणून तुम्ही काय करायचं? एसी बंद करायचा आणि 105ने जायचं. खिडक्या उघड्या टाका म्हणजे हवेला आत येऊनही विरोध करता येईल. सासूबाई पदराने वारा घेऊ लागल्या की सांगा, पूर्वी कुठे एसी होते? त्या काही बोलणार नाहीत. ते सगळं गुहागरला थोरल्या जावयासमोर निघेल.

खंबाटकीचा चढ हा खरा गुरू. खाली 69 टक्के होते, वर 61 झाले. हे बघून बायको तुमच्याकडे बघते. तुम्ही समोर बघा. "उतारावर परत मिळतात," असं म्हणा. हे 'परत मिळतात' आपल्याला फार आवडतं. गाडी उतरताना मोटरच उलटं काम करून वीज बनवते, म्हणजे एकदा खर्च केलेला पैसा घरी येतो! येतो, पण सगळा नाही. भिशीतून मिळणाऱ्या रकमेसारखा, दोन-तीन जणांचा चहापाणी खर्च कापून. उतारानंतर 62 झाले तर तो एक टक्का सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

साताऱ्याला 40 टक्के. इथे महामार्गाला चार्जर आहेत, चालू आहेत, शेजारी मिसळ आहे. शहाण्या माणसाने इथे थांबावं आणि म्हणूनच तुम्ही थांबू नये. तसं थांबून बघा एकदा. साठ किलोवॅटच्या चार्जरला दोन गन, दोन गाड्या लागल्या की तीस-तीस. एका जागी पेट्रोलची गाडी सावली बघून लावलेली असते, तिचा मालक आत मिसळीची तिसरी तर्री मागवतोय. दुसऱ्या जागेवर आपल्याच गावच्या एमएच 12ची गाडी, 84 टक्क्यांवर. ऐंशीनंतर बॅटरी वीज घोट घोट घेते, उरलेल्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासाइतका वेळ लागू शकतो. हे त्या गृहस्थांना ठाऊक आहे. तरी ते शंभर झाल्याशिवाय हलणार नाहीत, कारण पैसे शंभरचे भरलेत. रागावू नका, त्यांच्या जागी तुम्ही असता तर 100 झाल्यावरही पंधरा मिनिटं गन काढली नसती.

तिथे उभे राहिलात की लोक जमतात. "किती चालते?" "बॅटरी गेली तर किती लाखाला?" "पावसात शॉक बसत नाही ना?" पहिल्या प्रश्नाला न चुकता 312 सांगा. ज्या आकड्यावर तुमचा स्वतःचा विश्वास उडालाय, तो परक्याला सांगताना आवाजात किती जोर येतो ते तुमचं तुम्हालाच जाणवेल. तेवढ्यात साडूची गाडी हॉर्न देऊन पुढे जाते. तुमच्यानंतर दोन तासांनी निघाले होते. आता थांबणं शक्य नाही. गाडीत बसा, आणि घरच्यांना सांगा, पुढे भरपूर चार्जर आहेत. नकाशावर खरंच असतात. एक कोणाच्या तरी शोरूमच्या आत, एक 'लवकरच सुरू', आणि एकाखाली कुणीतरी लिहिलेलं की बंद आहे, त्याखाली दुसऱ्याने, अजूनही बंद आहे.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागा. 23 टक्के. इथून गाडीत कोणी बोलत नाही. पाटणला 12. मुलगी दर दोन मिनिटांनी आकडा वाचते, तिला गाण्याच्या भेंड्या खेळायला सांगा. वेग आता 40वर आणा, जो तुम्ही खेड शिवापूरपासून 80 ठेवला असता तर ही वेळ आली नसती. सासूबाई जप करतायत. त्या कशासाठी करतायत ते विचारू नये.

कोयनानगर. पाच टक्के.

इथे थोडं थांबून मान वर करा. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ती ही. जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाकडे शेकडो मीटर खाली सोडायचं आणि भूमिगत वीजघरांत जनित्रं फिरवायची, सगळा कोयना प्रकल्प मिळून 1,960 मेगावॅट. तुमच्या घरच्या पिनला साधारण तीन किलोवॅट लागतात. म्हणजे एवढ्या विजेवर तुमच्यासारख्या सहा लाखांवर गाड्या एकदम चार्जिंगला लागतील, आणि तुम्ही त्या धरणाच्या गावात दीड युनिट पोटात घेऊन उभे आहात. समुद्रकाठी उभं राहून तहान लागावी, तसं. वर गंमत अशी, की कुंभार्ली घाट उतरताना तुमची गाडी अगदी कोयनेच्या पाण्याचंच काम करणार आहे. उंचावरून खाली येऊन वीज बनवायची. पाचशे मीटरच्या उतारात अठराशे किलोची गाडी कागदावर अडीच युनिट बनवते, पदरात पडतात दीड-पावणेदोन. दहा-बारा किलोमीटर फुकट! फक्त त्यासाठी आधी घाटमाथ्यापर्यंत पोचावं लागतं.

म्हणून शेवटचा सल्ला, जो मी सगळ्यात आधी द्यायला हवा होता: कोणालातरी विचारा. पुणेकराला हे जड जातं. पत्ता विचारणाऱ्यांना उत्तर देण्यात आयुष्य गेलेलं असतं. पण रस्त्याकडेला पिठाची गिरणी दिसेल, तिथे गाडी घाला.

"पाव्हणं, काय झालं गाडीला?"

"काही नाही, जरा चार्जिंग..."

"चार्जिंग व्हय? मग लावा की. बोर्ड हाय आत. पर मोटर चालू आसताना दाब पडतो बगा. दळणं होऊंद्या."

दारात तीन डबे आहेत. दोन ज्वारीचे, एक तांदळाचा. तुमचा नंबर चौथा. सातारच्या चार्जरवर तुम्ही ज्या रांगेला नाक मुरडलं होतं तिच्यात आणि या रांगेत फरक एवढाच, की इथे बसायला पोतं मिळतं. डबेवाल्या बायका सासूबाईंशी बोलू लागतात, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या हसतात. तुम्ही पैशांचं विचारून घ्या. गिरणीवाला गाडीभोवती एक फेरी मारेल आणि म्हणेल, "आमचा भाव किलोवर हाय. किती किलोची हाय ही?"

तांदूळ संपतात. पट्टा थांबतो. पिठाने पांढऱ्या झालेल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटमध्ये तुम्ही मोठ्या रुबाबात पिन घालता, आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. अर्थिंग नाही. म्हणजे आहे, पण सुकलंय. गिरणीला त्याच्यावाचून कधी अडलं नव्हतं, तुमच्या गाडीला मात्र त्याच्याशिवाय घास उतरत नाही. घाबरू नका. मागच्या अंगाला भिंतीपासून हातभर अंतरावर एक गंजलेली पट्टी जमिनीत गेलेली दिसेल. गिरणीवाल्याची आई तुमच्या हातात तांब्या देईल. तुळशीला घालतात तसं, धार न सोडता, बुंध्याशी पाणी घाला. मूठभर खडेमीठ टाका. मुलीला आत उभं करा आणि विचारत राहा, "दिवा कोणता?"

"लाल."

आणखी एक तांब्या.

"लालच आहे, बाबा."

एवढ्यात खिशातला फोन वाजेल. साडू गुहागरला पोचलेले आहेत, सुरमई तव्यावर आहे, कुठपर्यंत आलात एवढंच विचारायचंय. उचलू नका. तांब्याची धार तुटेल.