झोनिंगच्या मीटिंगला कोण जातं?

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत सिॲटलजवळ आले होते आणि एका मंगळवारी संध्याकाळी मी सिटी हॉलला झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधायचं या नियमांच्या, पब्लिक हिअरिंगला (जाहीर सुनावणीला) निघाले तर म्हणाले मीपण येतो, घरी बसून काय करू. बाबांनी आयुष्यभर आर्किटेक्टच्या हाताखाली ड्राफ्ट्समन म्हणून घरांचे प्लॅन काढले, त्यामुळे एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा), साईड मार्जिन (घर आणि प्लॉटची हद्द यांच्यामधली मोकळी जागा), ओपन स्पेस हे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकलेत. तिथे स्क्रीनवर पहिलीच स्लाईड आली, फ्लोअर एरिया रेशो (एफएआर), आणि बाबा माझ्या कानात म्हणाले, "अगं हा आपला एफएसआयच की." पुढची स्लाईड सेटबॅक. "हे मार्जिन." तीन महिने सिटीच्या ईमेल वाचून मला जे कळलं नव्हतं ते बाबांना दहा मिनिटांत कळलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या वॉशिंग्टन राज्यात २०२३ साली हाऊस बिल १११० पास झालं. इथल्या शहरांमध्ये बहुतेक रहिवासी जमिनीवर वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकच घर बांधता येत होतं, दुसरं काही बांधणं बेकायदा. या कायद्याने सांगितलं की ७५ हजारांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांनी एका प्लॉटवर किमान ४ घरं बांधू द्यायची, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून (रेल्वे किंवा जलद बसच्या थांब्यापासून) पाव मैलाच्या आत असेल तर ६, आणि २५ ते ७५ हजारांच्या शहरांनी २, स्टॉपजवळ ४. सिॲटल आणि आसपासच्या आमच्यासारख्या शहरांना ३० जून २०२५ ची मुदत होती, तोपर्यंत स्वतःचे नियम केले नाहीत तर राज्याने लिहून ठेवलेला मॉडेल ऑर्डिनन्स (नमुना नियमावली) आपोआप लागू. राज्याच्या कॉमर्स खात्याचा अंदाज आहे की पुढच्या २० वर्षांत ११ लाख नवीन घरं लागतील, मग ती बांधायची कुठे हा प्रश्न होताच.

या प्रकाराला इथे मिडल हाऊसिंग म्हणतात, म्हणजे एकीकडे बंगला आणि दुसरीकडे उंच टॉवर यांच्या मधलं काहीतरी. इथले लोक ड्युप्लेक्स (एका इमारतीत दोन घरं), फोरप्लेक्स (चार घरं), टाऊनहाऊस, कॉटेज असे नऊ प्रकार मोजतात आणि चर्चा अशी करतात की काहीतरी भयंकर नवीन येतंय. आपल्याला यात नवीन काय आहे? माझं लहानपण नाशिकला इंदिरानगरात रो हाऊसमध्ये गेलं, एका बाजूच्या भिंतीपलीकडे काका-काकू, दुसरीकडे बँकेतले एक कुटुंब, समोर ट्विन बंगलो, कोपऱ्यावर तीन मजली आठ फ्लॅटची सोसायटी. त्याच्या आधी आजोबांचं वाड्यातलं बिऱ्हाड. आपण सगळे मिडल हाऊसिंगमध्येच वाढलोय.

तर त्या हिअरिंगबद्दल.

हॉल भरलेला होता. बोलायचं असेल तर प्रत्येकाला ३ मिनिटं, समोर हिरवा पिवळा लाल दिवा. जे बोलले त्यातले बहुतेक साठीच्या पुढचे, स्वतःचं घर असलेले, अनेक जण चाळीस-चाळीस वर्षं त्याच गल्लीत राहणारे. एक आजी फोटो घेऊन आल्या होत्या, लॅमिनेट केलेला, १९८४ मध्ये नवऱ्याबरोबर लावलेल्या मेपलच्या रोपाचा, शेजारी आजचा फोटो ज्यात ते झाड छताच्या वर गेलंय. त्या म्हणाल्या शेजारचा प्लॉट विकला गेला तर कुंपणाला लागून तीन मजले येतील आणि या झाडाची मुळं तोडली जातील. आवाज थरथरत होता त्यांचा. मला त्यांचं म्हणणं अगदी पटलं, आणि त्यांना गप्प करायला हवं होतं असं मला अजिबात वाटत नाही.

पण मला सारखी आठवण येत होती माझ्या मुलाच्या डेकेअरमधल्या टीचरची, जी त्या खोलीत नव्हती. ती मेरिसव्हिलला राहते कारण आमच्या गावात तिला भाडं परवडत नाही, पहाटे साडेपाचला घर सोडते, संध्याकाळी सहाला आमची मुलं आमच्या हातात देऊन परत निघते. सात वाजताच्या मीटिंगला ती कशी येणार? आणि तिने का यावं, ती तर या शहराची रहिवासीच नाही, होऊ शकली नाही हाच तर मुद्दा आहे. जो माणूस उद्या त्या फोरप्लेक्समध्ये राहायला येणार त्याचा आज इथे पत्ता नाही, त्यामुळे त्याला नोटीस जात नाही. आमच्या घरी सिटीचं पोस्टकार्ड आलं होतं. रस्त्यापलीकडे अपार्टमेंटमध्ये माझी मैत्रीण भाड्याने राहते, तिला नाही, कारण पोस्टकार्डं घरमालकांच्या यादीवरून गेली होती.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लॅनिंगच्या मीटिंगांची इतिवृत्तं काढून बघितली, त्यात नव्या घरांच्या बाजूने बोलणारे जेमतेम १५ टक्के होते, आणि येणारे लोक शहराच्या मानाने वयाने मोठे, जास्त करून पुरुष, घरमालक. सिॲटलमध्येही २०१६ साली तेव्हाचे महापौर एड मरी यांनी १३ डिस्ट्रिक्ट कौन्सिल्सशी (वस्त्यांच्या प्रतिनिधींच्या मंडळांशी) असलेलं शहराचं अधिकृत नातं तोडलं ते याच कारणाने, तिथे येणारे लोक म्हणजे सगळं शहर नव्हे म्हणून. तेव्हा खूप आरडाओरडा झाला. मला तो निर्णय अर्धाच बरोबर वाटतो. जुनं दार बंद केलं ते समजू शकते, पण नवीन दार उघडायला जो वेळ आणि पैसा लागतो तो कोण घालणार हे आधी ठरवायला हवं होतं.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती. त्या संध्याकाळी बोलणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी आपली तीन मिनिटं "आमच्या शहरात फोरप्लेक्स नकोत" हे सांगण्यात घालवली. पण ते तर राज्याने दोन वर्षांपूर्वीच ठरवलेलं होतं! कौन्सिलच्या हातात ते नव्हतंच. लोक कळकळीने बोलले, टाळ्या वाजल्या, आणि काहीच बदलणार नव्हतं, हे सिटीला माहीत होतं पण कोणी सुरुवातीला उभं राहून साध्या इंग्लिशमध्ये सांगितलं नाही की हे हे ठरून गेलंय आणि हे हे अजून उघडं आहे, या उघड्या गोष्टींवर बोला. सांगितलं असतं तर लोक चिडले असते, पण निदान मनापासून ऐकून घेतलं जाईल अशा गोष्टीवर बोलले असते. घरी जाताना ती माणसं "आमचं कोणी ऐकत नाही" असं म्हणत गेली आणि पुढच्या वेळी ती जास्त रागात येतील.

उघडं काय होतं, तर बरंच काही. उंची किती, मार्जिन किती, झाडं कशी वाचवायची, आणि बाबांच्या भाषेत एफएसआय किती. बाबा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "चार घरं अलाऊड आहेत म्हणतात, पण एफएसआय किती देतायत ते बघ, खरी मेख तिथेच असते." घरी येऊन आम्ही डायनिंग टेबलवर पेन्सिलने हिशेब केला. समजा प्लॉट ६००० स्क्वेअर फूट आणि एफएआर ०.६, म्हणजे एकूण ३६०० स्क्वेअर फूट. त्यात चार घरं बसवली तर प्रत्येकी ९००. बिल्डर म्हणणार कोण भानगड करतो, त्यापेक्षा ३६०० चं एक मोठं घर बांधून २०-२५ लाख डॉलरला विकतो, चार घरांची परवानगी राहिली कागदावर. राज्याच्या मॉडेल ऑर्डिनन्समध्ये म्हणूनच एका घराला ०.६, चार घरांना १.२, सहाला १.६ असा चढता एफएआर दिलाय. १.२ ने त्याच प्लॉटवर ७२०० होतात, म्हणजे प्रत्येकी १८००, दोन मुलं असलेलं कुटुंब आरामात राहील. सगळा कायदा चालणार की नाही हे या एका आकड्यावर, आणि त्या संध्याकाळी त्या आकड्यावर एकही माणूस बोलला नाही. एकही नाही. आम्हीपण नाही, कारण आम्हालाही ते घरी आल्यावर कळलं.

मी दुसऱ्या दिवशी लेखी कमेंट पाठवली, बाबांचा तक्ता जोडून. प्लॅनिंगमधल्या एका बाईंचं उत्तर आलं, छान आलं, पण त्यांनी लिहिलं की हे प्लॅनिंग कमिशनकडे (कौन्सिलला सल्ला देणाऱ्या समितीकडे) ड्राफ्ट असताना आलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. म्हणजे क्रम असा असतो: स्टाफ ड्राफ्ट करतो, मग प्लॅनिंग कमिशन, मग कौन्सिल, आणि हिअरिंगची पाटी लागेपर्यंत जेवण जवळजवळ शिजलेलं असतं. हे मला १४ वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

आपल्या लोकांबद्दल बोलते, कारण ही पोस्ट मराठीत लिहितेय ती तुमच्यासाठीच. आपले ग्रुप बघा, मिडल हाऊसिंगचा विषय निघाला की पार्किंगचं काय, शाळेत गर्दी होईल, घराची किंमत पडेल. पार्किंगचा मुद्दा खरा आहे, कायद्याने मोठ्या ट्रान्झिट स्टॉपच्या अर्ध्या मैलात पार्किंगची सक्ती करता येत नाही, त्यामुळे काही गल्ल्यांत त्रास होणार. त्यावर बोलावं, रस्त्यावरचं पार्किंग कसं वाटायचं ते सुचवावं. एचओएमध्ये (घरमालकांच्या सोसायटीत) राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की आधीपासून असलेले तुमचे नियम या कायद्याने रद्द होत नाहीत, त्यामुळे शेजारी उद्या सिक्सप्लेक्स येणार या भीतीने झोप उडवू नका. पण "आपण एच-वन व्हिसावर आहोत, आपला काय संबंध" हे मला मान्य नाही. पब्लिक कमेंट द्यायला कोणी पासपोर्ट विचारत नाही, मतदार असावं लागत नाही, भाडेकरू चालतो, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला चालतो. आपल्यातले कितीतरी जण ३००० डॉलर भाडं भरून दोन बेडरूममध्ये राहतायत आणि त्यांच्या वतीने तिथे कोणी बोलत नाहीये.

बाबा त्यावर म्हणाले होते की आपल्याकडे निदान हरकत नोंदवायची सवय तरी आहे. खरंच आहे, २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीच्या डीपीवर (विकास आराखड्यावर) ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या होत्या. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो डीपी महापालिकेकडून काढूनच घेतला हा भाग वेगळा, त्यावर पुणेकर आजही भांडतील. पण तेवढ्या लोकांनी नकाशात आपला सर्व्हे नंबर शोधला, अर्ज लिहिला, पोच घेतली. इथे सिटी लोकांना अवघड पीडीएफ पाठवते आणि मग म्हणते प्रतिसाद कमी आला. ड्राफ्ट असतानाच लायब्ररीत टेबल टाका, शनिवारी शाळेच्या मैदानावर जा, इंडियन ग्रोसरीच्या दारात उभे राहा, ६००० फुटांच्या प्लॉटचं चित्र काढून दाखवा की ०.६ मध्ये काय बसतं आणि १.२ मध्ये काय. तिथे माझ्या बाबांसारखी, स्पॅनिश बोलणारी, चायनीज बोलणारी कितीतरी माणसं आहेत ज्यांना घर बांधण्यातलं कौन्सिलपेक्षा जास्त कळतं. आणि मेपलवाल्या आजींनाही त्याच टेबलवर बसवा, मला खात्री आहे की मार्जिन कुठल्या बाजूला किती ठेवलं तर ते झाड वाचेल हे कोणीतरी काढून दाखवेल.

नियम पास झाले, वेळेत झाले. आता झाडांच्या नियमांचा ड्राफ्ट आलाय आणि तो अजून प्लॅनिंग कमिशनकडे आहे, म्हणजे यावेळी खरंच वेळ आहे. मी बाबांना नाशिकला पीडीएफ पाठवली होती, त्यांनी प्रिंट काढून लाल पेनाने खुणा केल्या आणि फोटो पाठवले, पान ११ वर मुळांच्या संरक्षक पट्ट्याला गोल करून लिहिलंय, "हे अंतर बुंध्यापासून का फांद्यांच्या टोकापासून? विचार." पुढच्या बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मीटिंग आहे, मी तेच विचारणार आहे. मैत्रीण येतेय, अपार्टमेंटमधली, पहिल्यांदाच. माझ्या गाडीत अजून तीन जागा आहेत, मुलांना बघायला अहो घरी आहेत, तुमचीही आणून सोडा. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा किंवा मेसेज करा, सहाला निघू.